गोदाचा बर्फ

ब्रेमरहाफेन, जर्मनी
६ सप्टेंबर २०१५

ती. आत्यास गोदाचा वाकून नमस्कार.

तापानं तुझे कान नेले तेव्हापासून फोनवर मी ओरडते, तू "हां हां" म्हणतेस आणि भलतंच उत्तर देतेस. मागच्या खेपेला मी विचारलं, पाऊस पडला का, तर तू म्हणालीस, मेथीची. तेव्हा आता पत्रच बरं. तुझं अक्षर पाहिलं की शाळेत गेल्यासारखंही वाटतं.

तुझ्या दूध संस्थेत दूध घालायला येणाऱ्या बायका रोज विचारतात, भिवराबाई, तुमची भाची एवढ्या लांब करती तरी काय? असं तू लिहिलंस. तर सांगते.

उत्तरेला ग्रीनलँड नावाचा मुलूख आहे, सगळा बर्फाखाली. तिथे दर वर्षीचं हिम आदल्या वर्षीच्या हिमावर बसत जातं, कडब्याच्या गंजीसारखं थरावर थर. त्यात खोल भोक पाडून नळीसारखा बर्फ बाहेर काढतात. त्या थरांवरून हजारो वर्षांपूर्वी किती थंडी होती ते समजतं. तेव्हा हिमयुग होतं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या उत्तर भागावर कळसूबाईच्या दुप्पट उंचीचे बर्फाचे डोंगर बसलेले होते. आता नवल ऐक. त्या थंडीतसुद्धा अधूनमधून हवा एकदम उबदार व्हायची. हळूहळू नाही, एका माणसाच्या हयातीत. आजोबांनी जिथे गोठलेला समुद्र पाहिला तिथे नातवाला लाटा दिसाव्यात, इतक्या झपाट्यानं. मग शेकडो वर्षांनी पुन्हा गारठा.

हे कशानं व्हायचं, ते शोधायचं माझं काम. आमचे प्राध्यापक म्हणतात, बर्फाच्या उंचीनं वारे वळतात, वाऱ्यानं समुद्र हलतो आणि समुद्राच्या पोटातली ऊब कधी झाकलेली राहते, कधी वर येते. मी संगणकात एक खोटी पृथ्वी केली आहे. तिच्यावरच्या बर्फाची उंची कमीजास्त करून समुद्र काय करतो ते बघते. अजून तरी माझा समुद्र जागचा हललेला नाही.

आई-दादा या वर्षी ऊस तोडायला कोणत्या कारखान्याला जाणार? आपले बैल, हौशा-नवश्या, कसे आहेत?

तुझी
गोदा


पांगरवाडी, ता. बीड
दसऱ्याचा दुसरा दिवस, २०१५

चि. गोदास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

मेथीची भाजी खरंच केलती त्या दिवशी. मला वाटलं तू तेच इचारलं.

तुजं पत्र संस्थेत वाचून दाखवलं. बायका हासल्या. बायनाबाई म्हणली, आमाला हंडाभर पाणी न्हाई आन तुमची पोरगी बरफाचे डोंगर मोजती, दे म्हणावं त्यातला एक धाडून. पण मंग त्यांनीच पत्र पुना वाचाया लावलं. आपल्या घरातली पोरगी येवढं करती म्हणून मलाबी भरून आलं. तुजे मायबाप ऊस तोडायला जायचे तवा तू माज्यापाशी राह्यची, आन रोज सांजच्याला चिमणीपुढं बसून मला पाढे म्हणून दाखवायची. आता तू मला शिकवती. चांगलं हाय.

इकडं मिरगात जरा शिपडलं आन गेलं ते गेलंच. बाजरी गुडघ्याला लागायच्या आत करपली. दूध अर्ध्यावर आलं. दोन जनावरं व्हती तिनं एक इकलं, एक व्हतं ती रोज बाजाराच्या वाटंकडं बघती. उसाचा मुकादम अजून आला न्हाई. कारखान्यालाच ऊस न्हाई तर टोळ्या कशाला नेतील? तुजा बाप आश्रुबा बैलं घिऊन घरी बसून हाय. बोलत न्हाई. तुजी माय तुळजा म्हणती, भांडला तरी बरं वाटंल.

पुढल्या म्हयन्यात संस्थेची सभा हाय. सुंदरराव म्हणतेत, संस्था बंद करा, जनावरं इका, मोकळे व्हा. त्यांची मोसंबीची बाग उभी वाळली, तवापासून त्यांना सगळंच वाळलेलं दिसतंय. मी म्हणते, सगळ्यांची जनावरं एका जागी बांधू, चारा एकत्र, पाणी एकत्र, दूध एकत्र. न्हाईतर हिला सहकारी संस्था कावून म्हणायचं? पण लोकं म्हणतेत, पाऊसच येणार नसंल तर कुठवर ओढायचं?

म्हणून इचारते. तुज्या त्या बरफावरून आमच्या पावसाचं काई कळतं का? कळत आसल तर लिही. सभेत सांगीन.

तुजी
आत्या


ब्रेमरहाफेन
१२ नोव्हेंबर २०१५

ती. आत्यास नमस्कार.

काल दिवाळी होती. इथे चार मराठी मुलं मिळून चिवडा केला. त्यात शेंगदाणे जळाले तरी सगळ्यांनी आवडीनं खाल्ला.

तुझ्या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. बर्फावरून आपल्या पावसाचं कळतं, पण तुला हवं ते कळत नाही. अरबी समुद्राच्या तळाशी गाळ साचतो. त्यातही थर असतात. ते थर ग्रीनलँडच्या थरांशेजारी ठेवले तर दोघांची जोडी जमते. उत्तरेत गारठा पडला की आपला मान्सून दुबळा. उत्तर उबदार झाली की आपला पाऊस जोरात. इतक्या लांबची थंडी आपल्याकडचे ढग अडवत होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तेच पान तीनदा वाचलं होतं.

असं का व्हायचं, तेही सांगते. उत्तरेचा समुद्र बर्फानं झाकला की पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. खाली कोमट पाणी साठत राहतं, वरची हवा मात्र गारठलेली. मग एक दिवस झाकण फुटतं आणि सगळी ऊब एकदम बाहेर पडते. आमचा अंदाज असा की बर्फाचे डोंगर फारच उंच असले तर समुद्र एका जागी घट्ट राहतो. अगदी थोडा बर्फ उरला तरी घट्टच. डोंगर मधल्या मापाचे असले की मात्र जरासा धक्का लागला तरी समुद्र इकडचा तिकडे होतो. आणि एकदा का तो थंडीच्या बाजूला बसला, की पाऊस शेकडो वर्षं दुबळाच राहायचा. तेव्हा माणसं काय करत असतील, देव जाणे. बहुतेक उठून दुसरीकडे जात असतील.

कागद भरला. उरलेलं दुसऱ्या पानावर लिहिते.

आता नीट वाच, आत्या, आणि सभेत हे आवर्जून सांग. वरचं सगळं हिमयुगातलं आहे. ते मधल्या मापाचे डोंगर केव्हाच वितळले. पांगरवाडीचा दुष्काळ हा तसला दुष्काळ नाही. दोन-तीन वाईट वर्षं येतात, जातात. पुढच्या वर्षी पाऊस पडेल का, हे मला सांगता येणार नाही आणि माझ्या विषयातल्या कुणालाही येणार नाही. आता समुद्र तापतोय, त्यानं पाऊस लहरी होतोय, हे खरं आहे. पण पाऊस संपला असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांगून खोडून काढ. जनावरं एकत्र बांधायचं तू म्हणतेस ते मला फार पटलं. त्याला शास्त्र लागत नाही.

तुझी
गोदा


पांगरवाडी
संक्रांत, २०१६

चि. गोदास आशीर्वाद.

तिळगूळ घे.

सभा झाली. तुजं पत्र मी सोता वाचलं. निम्म्यापातूर आले आन टँकरचा भोंगा वाजला. मला काई ऐकू आलं न्हाई. मी वाचतीच हाय आन वर बघते तर समदी सभा हंडे घिऊन पळाली. सभापती मी एकटी, दुधाच्या कॅनाच्या फळीवर उभी. आठ दिसांनी आलता टँकर, कोण थांबल?

मंग सभा पुना घेतली, पत्राचं तसंच राह्यलं. जनावरं एका जागी बांधायचं ठरलं. सुंदररावांनीच वाळल्या बागंची जागा दिली. कसं काय दिली ते त्यांनाच ठावं. म्हणले, झाडं तोडून खुंट करा, तेवढा तरी उपेग व्हईल.

आमी समदे बरे हाव. तू थंडीत जप.

आत्या


ब्रेमरहाफेन
९ फेब्रुवारी २०१६

ती. आत्यास,

टँकरचं वाचून हसले. तू फळीवर एकटी उभी दिसलीस मला. पण मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. एवढंसं पत्र तू कधी लिहीत नाहीस. आणि हौशा-नवश्याचं नावसुद्धा नाही.

मी दर रविवारी फोन करते. दादा म्हणतो, "बरं हाय, तू जेवली का?" बैल कसे आहेत विचारलं की म्हणतो, "बरे हायत," आणि फोन आईकडे देतो. आई म्हणते, आवाज येईना झालाय, ठेवते. मी काय लहान आहे का, आत्या? ते गोऱ्हे होते तेव्हापासून मी त्यांना भाकरी चारलेली आहे. ऊस तोडायला गाडी निघायची तेव्हा मी आईच्या गळ्यात नाही, नवश्याच्या गळ्यात पडून रडायची.

काय झालं ते लिही. इकडे माझाही समुद्र हलत नाही. सबंध हिवाळा मी बर्फाची उंची थोडी थोडी कमी करत बसले आहे. घरून काही खरं समजत नसलं की हातातलं कामही खोटं वाटायला लागतं.

गोदा


पांगरवाडी
होळीनंतरचा बुधवार, मार्च २०१६

चि. गोदास,

लिहिणार नव्हते. आश्रुबानं शपथ घातलती. पण तू इचारलं आन मला तुज्याशी खोटं बोलता येत न्हाई.

बैलं गेली. सभा झाली त्याच्या पुढच्या बाजाराला आश्रुबा दोगांला घिऊन पायी गेवराईला गेला आन मोकळा कासरा खांद्यावर टाकून परत आला. तुळजा दारात बसून व्हती. तिनं कासरा बघितला आन तोंडावर पदर घेतला. दोन दिस चूल पेटली न्हाई.

मी गेले. म्हणलं, आश्रुबा, कावून इकले रे? चार म्हयने कळ काढली, आजून चार काढली आसती. तर म्हणला, "माज्या पोरीनं लिहिलंय, आता शेकडो वर्षं पाऊस दुबळा. माणसं उठून जातेत म्हणून लिहिलंय. ती काय खोटं लिहील का?"

गोदा, तवा मला उमगलं. त्यानं पयलंच पान ऐकलं. टँकर आला तवा समदे पळाले, दुसरं पान वाचायचंच राह्यलं. मी घरला पळाले, पत्र आणलं आन त्याच्यापुढं दुसरं पान वाचलं. खाली मान घालून ऐकलं त्यानं. म्हणला, "आता काय उपेग." बस. आन उठून गोठ्याकडं गेला.

तुजी काई चूक न्हाई. माजी हाय. आदी दुसरं पान वाचाया पायजे व्हतं.

एक चांगलं सांगते. बागंतल्या गोठ्यावर आश्रुबा पहाटंपासून आसतो. शेण काढतो, चारा कापतो, कुणाचीबी म्हस आडली की त्यालाच हाका मारतेत. सोताचं एक जनावर न्हाई तिथं, पण समदी त्याचीच हायत आसं वागतो. सुंदरराव काल म्हणले, "भिवराबाई, तुमचा भाऊ नसता तर हे आमच्याच्यानं झालं नसतं." सरकारी छावणीच्या चाऱ्याची गाडी बी येती आता. दूध वाढलं न्हाई, पण तुटलंबी न्हाई.

तुजी
आत्या


ब्रेमरहाफेन
१४ एप्रिल २०१६

ती. आत्यास आणि दादास,

हे पत्र दादाला वाचून दाखव. दोन्ही पानं. टँकर आला तरी.

आत्या, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात माझा समुद्र हलला. बर्फाचे डोंगर मधल्या उंचीवर आणून मी अगदी हळू, कळणार नाही इतके हळू ते वाढवत होते. इतके महिने काही होत नव्हतं. त्या दिवशी सकाळी येऊन बघते तर पडद्यावर वारा उत्तरेकडे सरकलेला, समुद्रावरचं बर्फाचं झाकण फाटलेलं, खालची ऊब वर आलेली. ग्रीनलँड तापलं होतं. आणि खाली, आपल्याकडे, हिंदुस्थानावर पावसाचा निळा रंग गडद झाला होता. एवढाल्या समुद्राला हलवायला बर्फाची एवढीशी उंची पुरली. आमच्या मजल्यावरचे सगळे बघायला आले. कुणी केक आणला.

मी माझा तुकडा तसाच टेबलावर ठेवला. खिशात तुझं पत्र होतं.

दादा, तुझे बैल माझ्यामुळे गेले. मी पहिल्या पानावर तेच लिहायला हवं होतं जे दुसऱ्यावर लिहिलं. पण मला आधी नवलाचं सांगायची हौस. माझ्या समुद्राच्या गोष्टीत मी इतकी रमले, की ऐकणाऱ्याच्या दावणीला बैल आहेत हे विसरले. तू मला कधी शाळा सोड म्हणाला नाहीस. बीडला कॉलेजात घालायला आलास तेव्हा फाटकाबाहेर बैलगाडीपाशीच उभा राहिलास, आत आला नाहीस. त्या माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्याचं हे झालं.

मी प्राध्यापकांना सांगितलंय की प्रबंधाचं एवढं प्रकरण लिहून झालं की मी काम सोडते. त्यांना समजेना. जुलैत येते. आत्याच्या संस्थेत काही काम असेल तर द्या. दूध मोजता येतं मला.

गोदा


पांगरवाडी
अक्षय्य तृतीयेच्या आदला दिवस, मे २०१६

चि. गोदास आत्याचे आशीर्वाद.

दोनी पानं वाचली. गोठ्यातच वाचली, आश्रुबा चाऱ्याच्या पेंढीवर बसलता. तू काम सोडती तिथपातूर आले आन तो उठून गेला. म्हणलं गेला आता, पाठ फिरवून. तर म्हशीला पाणी दाखवून परत आला आन माज्या कानाशी बसून म्हणला, "आक्का, कागद घे. मी सांगतो ते लिही. मदी तुजं घालू नको."

म्हणून आता खालचं समदं त्याचं हाय. तो बोलला तसं.

गोदा, मी तुजा बाप आश्रुबा.

तुज्या पत्रामुळं बैलं इकले न्हाईत. दुसरं पान मला त्याच दिशी ठाव झालतं. टँकरला समदे पळाले, मी पळालो न्हाई, मागं खांबाआड बसून व्हतो, आक्काला दिसलो न्हाई. दगडाबाई संस्थेची सचिव, ती बी वळून आली. तुजी आत्या फळीवरून उतरून हंड्यामागं धावली तवा पत्र तिथंच फळीवर पडलं व्हतं. मी दगडाबाईला म्हणलं, पुढचं वाच. तिनं वाचलं. पाऊस संपला न्हाई, हे तू लिहिलेलं मी सोताच्या कानानं ऐकलं. मंग पत्र घडी करून व्हतं तिथं ठिवलं, आन दगडाबाईला म्हणलं, कुणाला बोलू नको. तिनं पाळलं.

माज्या घरात चारा राह्यला नव्हता. हौशाच्या बरगड्या दिसायला लागलत्या. मुकादम आला व्हता, तेबी तुला कुणी सांगितलं नसंल. आलता आन दुसऱ्याच्या दारी गेला. म्हणला, आश्रुबा, तुजे गुडघे गेले, तुजी मोळी आता गाडीत चढत न्हाई. खरं व्हतं. पण ते गावात कसं सांगू? बायकूला कसं सांगू? मंग मला सुचलं, पोरीचं नाव सांगावं. माजी पोरगी जर्मनीत हाय, तिनं लिहिलंय, म्हणून इकले. आसं म्हणलं की लोकं मान हलवायचे. कुणी माज्या गुडघ्याकडं बघितलं न्हाई.

तुज्या नावाच्या आडोशाला उभा राह्यलो. त्यानं तुला येवढं लागंल हे मला कळलं न्हाई. बैलाचं सांगायला आडानी माणसाला पोरीचा आधार घ्यावा वाटला, येवढंच. तू त्यात काई केलं न्हाई. भिवराआक्कानंबी न्हाई.

काम सोडू नको. तुला यायचं आसंल तर ये, आमाला बघायला ये, आंबे हायत तवर ये. पण चूक केली म्हणून येऊ नको. तसली तू आली तर मी येष्टी ष्ट्यांडवरून तुला माघारी धाडीन. दूध मोजायला हितं दगडाबाई हाय.

माजं हितं बरं हाय. गुडघ्याला उसावानी मोळी उचलावी लागत न्हाई. म्हशी उभ्या राहतेत, मी त्यांच्यापाशी बसतो.

आक्का थकली लिहून, मी आता एकच इचारतो. आक्कानं तुजी समदी पत्रं मला आता पयल्यापासून वाचून दाखवली. वारं कसं वळतं, समुद्र कसा हलतो, थोडं कळलं, थोडं न्हाई. पण एक तू कुठंच लिहिलं न्हाई. त्या ग्रीनलँडच्या बरफाच्या खाली जिमीन हाय का नुसतं पाणी? जिमीन आसंल तर काळी हाय का मुरमाड? आन त्या बरफाखालच्या जिमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?

आश्रुबा

गोदा, ही मी पुना आत्या. दगडाबाईला मी आज दुपारीच गाठून भांडले, मंग दोगी हासलो. तुज्या मायला मी समदं सांगितलं. ती उठून त्याच्या गुडघ्याला तेल लावायला बसली.

तू काम सोडायचं पत्र त्या प्राध्यापकाला दिलं आसंल तर माघारी घे. आन जिमिनीचं लवकर कळव. पोस्टमन दिसला की आश्रुबा गोठ्याच्या फाटकापातूर जातो.